ट्रिग्लाव्ह, स्लोव्हेनिया: वाट आणि हट्सचा रिव्ह्यू (पाण्याचा भाग आधी वाचा)

आधी स्टार सांगून टाकतो. वाटेला पाच, हट्सना (डोंगरावरची मुक्कामाची घरं) चार, आणि ज्या दुकानातून फेराटाचं किट (कड्यावरच्या पोलादी दोराला स्वतःला अडकवून घ्यायचा पट्टा आणि हुक) भाड्याने घेतलं त्याला दीड, तो दीडही हेल्मेट स्वच्छ होतं म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्याची गोष्ट खाली येईलच.

ट्रिग्लाव्ह म्हणजे ज्युलियन आल्प्समधलं आणि अख्ख्या स्लोव्हेनियातलं सगळ्यात उंच शिखर, २८६४ मीटर, त्यांच्या झेंड्यावर आहे, ५० सेंटच्या नाण्यावर आहे, आणि तिथल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी वर जाऊन यायचंच असं तिकडे मानतात त्यामुळे वाटेवर शाळकरी पोरांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे भेटतात आणि आजोबा आपल्याला मागे टाकून जातात. हिमालयाच्या मानाने उंची काहीच नाही म्हणून आमच्या ग्रुपमधले दोघं निवांत होते. ते निवांतपण पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

कारण हा सगळा डोंगर चुनखडीचा. आपल्याला सह्याद्रीची सवय, काळा कातळ पाणी धरून ठेवतो, राजगडला जा नाहीतर हरिश्चंद्रगडाला, वर टाकं असणारच हे आपण गृहीत धरून सॅक भरतो. इथे ते विसरा. पाऊस भरपूर पडतो, बर्फही पडतो, पण पाणी खडकाच्या भेगांतून थेट आत उतरतं आणि वरती तुमच्यासाठी शिल्लक राहत नाही, ना ओढा ना झरा, तासन्‌तास पांढरा दगड आणि त्यावरून डोळ्यात येणारं ऊन. नकाशावर दरी दिसली म्हणजे तिच्यात पाणी असेल हा हिशोब इथे चालत नाही. माणशी तीन लिटर खालूनच भरून घ्या, वजनाची कुरकुर करू नका.

आम्ही पोक्ल्युका पठाराच्या बाजूने गेलो, पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच वाट सांगेन. रुदनो पोल्येला बायथलॉनचं (स्कीइंग अधिक नेमबाजी) स्टेडियम आहे तिथे रस्ता संपतो, उंची १३४७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीनेकशे मीटर खाली चालायला सुरुवात. आधी स्प्रूसचं जंगल, मग बुटकी पाइनची झुडपं, मग स्तुदोर्स्की प्रेवाल नावाची खिंड, आणि तिथून डोंगराच्या पोटातून आडवी जात वाट वोदनिकोव दोम या हटला (१८१७ मीटर) पोचते. इथवर तीनेक तास, आणि खरं सांगायचं तर इथवर कोणीही येऊ शकतं. इथून पुढे मात्र अंगावर येणारा चढ आणि घसारा, कोन्यस्की प्रेवालच्या पुढे तर झाडं सोडा गवतही तुरळक. मार्किंगला शंभरपैकी शंभर, लाल वर्तुळात पांढरा ठिपका, दर थोड्या अंतरावर दगडावर रंगवलेला, १९२२ पासून तिकडे हीच पद्धत आहे आणि धुक्यात तिची किंमत कळते. आपल्याकडे गडांवर बाणांसोबत बदाम आणि नावंही रंगवलेली असतात ती इथे अजिबात नाहीत.

मुक्कामाला दोन पर्याय, दोम प्लानिका (२४०१ मीटर) किंवा क्रेदारित्सा (२५१५ मीटर). क्रेदारित्सा ही तिकडची सगळ्यात उंचावरची हट, १८९६ पासून आहे, शेजारी हवामान केंद्र आहे आणि तिथे बारा महिने माणसं असतात. माल हेलिकॉप्टरने येतो, हे एकदा डोक्यात घेतलं की मेन्यूवरचे दर बघून चिडचिड होत नाही. पाण्याची बाटली खाली सुपरमार्केटात जेवढ्याला मिळते त्याच्या कितीतरी पट, आंघोळ हा विषयच नाही, आणि वापरायचं पाणी म्हणजे छपरावरून साठवलेलं पावसाचं आणि बर्फाचं. हे वाचून लोक ऑनलाइन एक स्टार देतात, मला ते पटत नाही, ज्या डोंगरात नैसर्गिक पाणीच नाही तिथे रात्री गरम सूप आणि कोरडं अंथरूण मिळतंय याचेच तुम्ही पैसे देताय.

मग एक स्टार कशाचा कापला? झोपेचा. कॉमन डॉर्म म्हणजे ओळीने गाद्या, सीझनमध्ये फुल्ल, आणि घोरणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय मेळावा. इअरप्लग न्या. स्वतःचं स्लीपिंग बॅग लायनर (आत घालायची पातळ चादरीची पिशवी) न्या, ते लागतंच, आणि बूट दारातच काढायचे. हट्स साधारण जूनअखेर ते सप्टेंबरअखेर चालू असतात, जुलै-ऑगस्टचे शनिवार तर खूप आधी भरतात, तंबू लावू म्हणाल तर नॅशनल पार्क आहे, परवानगी नाही. कुणाकडे जर्मन किंवा ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं कार्ड असेल तर बेडच्या दरात चांगली सूट मिळते, आमच्यातल्या म्युनिकवाल्याने ती घेतली आणि मग दर तासाला ऐकवली.

व्हेजवाल्यांसाठी: योता म्हणजे आंबवलेला कोबी आणि बीन्सचं दाट सूप, रिचेत म्हणजे बार्लीची खिचडी म्हणा, दोन्हीत बऱ्याचदा मांस असतं म्हणून ऑर्डर देताना ‘ब्रेझ मेसा’ म्हणजे बिनमांसाचं असं आधीच सांगायचं. श्त्रुक्ली घ्याच, चीज भरलेली उकडलेली गुंडाळी, पोट भरतं. चहा म्हणजे फळांचा किंवा झाडपाल्याचा, दूध-आल्याची आशा ठेवू नका. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेल्या होत्या, बाहेरच्या बाकावर बसून खाल्ल्या.

आता शेवटचा टप्पा. क्रेदारित्साहून माली ट्रिग्लाव्ह (२७२५ मीटर) आणि मग धारेवरून मुख्य माथा. धार काही ठिकाणी खरंच अरुंद आहे, दोन्ही बाजूला खोल, पण लोखंडी खुंट्या आणि पोलादी दोर आहेत, स्वतःला क्लिप करत करत जायचं. कळसूबाईच्या शिड्यांवर ज्याला डोळे फिरतात त्याने येऊ नये, बाकी ठीकठाक ट्रेकर करू शकतो. त्रास धारेचा नाही, दगडाचा आहे. चुनखडी कोरडी आणि खडबडीत असते तोवर बूट झकास धरून ठेवते, पण इतकी वर्षं हजारो पाय पडून वाटेवरचे दगड घासून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की बाथरूमच्या ओल्या फरशीसारखे. त्यात उन्हाळ्यात दुपारनंतर वीज कडाडायची शक्यता कायम, आणि तुम्ही हातात काय धरलंय तर पोलादी दोर. म्हणून पहाटे निघायचं आणि सकाळीच माथा करून उतरायला लागायचं, याला पर्याय नाही.

आणि इथेच ते भाड्याचं किट. क्लिप करायच्या दोन कॅरॅबिनरपैकी (धातूचे हुक) एकाचं गेट, म्हणजे उघडझाप होणारी दांडी, हटवर पोचून बघतो तर नीट बंदच होत नव्हतं, बोटाने ढकलावं लागायचं. दुकानात तक्रार केली तर उत्तर, “कोणी काही बोललं नाही अजून.” अरे मग मी बोलतोय ना! हटवरच्या एका भल्या माणसाने त्याचा जादा सेट दिला म्हणून माथा झाला. किट दुकानातच घालून, गेट दहा वेळा उघडझाप करून, पट्टा ओढून बघा, मागे रांग लागली तर लागू दे.

माथ्यावर पत्र्याचा छोटासा बुरूज आहे, १८९५ मध्ये याकोब आल्याझ नावाच्या पाद्रीबाबांनी माथ्यावरची जागा स्वतः विकत घेऊन उभारला, २०१८ मध्ये हेलिकॉप्टरने खाली नेऊन दुरुस्त करून परत बसवला. पहिल्यांदा वर येणाऱ्याच्या पार्श्वभागावर दोराचे फटके मारायची तिकडे प्रथा आहे, ग्रुपमधल्या कुणालाच सूट मिळाली नाही.

उतरताना आल्या वाटेने येऊ नका. प्लानिका, दोलिचची खिंड, मग ह्रिबारित्से या उजाड पठारावरून सात सरोवरांच्या दरीत उतरा, सगळ्यात सुंदर टप्पा हाच. तळ्यांचं पाणी हिरवंनिळं, पण पोहायला बंदी, आणि बहुतेक तळ्यांतून वाहून जाणारा ओढाच दिसत नाही, पाणी तळातून गायब. ते जमिनीखालून जाऊन कुठे निघतं तर खाली बोहिन्य तलावाजवळ सावित्सा धबधब्यात, कड्याच्या मधूनच बाहेर पडतं आणि ७८ मीटर कोसळतं. वरती ज्याच्यासाठी आम्ही घोट मोजत होतो ते सगळं इथे वाहत होतं, बघून राग आला.

दरीतून खाली यायला कोमार्चाचा कडा आहे, पण पाय भरून आलेले असतील किंवा दगड ओला असेल तर तो टाळा आणि कोम्ना पठारावरून लांबची नागमोडी वाट घ्या, ढोपरं आभार मानतील. खाली सीझनमध्ये बस मिळते, शेवटची बस किती वाजता ते आधीच बघून ठेवा. सोबत आई-बाबा असतील तर त्यांना या भानगडीत न पाडता बोहिन्य तलावाकाठच्या उकांत्सहून व्होगेल डोंगराच्या केबलकारने १५३५ मीटरवर पाठवा, हवा स्वच्छ असेल तर समोर अख्खा ट्रिग्लाव्ह दिसतो, फक्त सकाळी लवकर जायला सांगा, दुपारी ढग येतात.