मित्रांसोबत हिमालयात लॉजमुक्कामी ट्रेक: अन्नपूर्णा बेस कॅम्प की संदकफू-फालुत?

तंबू पाठीवर न घेता हिमालयात पाच-सहा दिवस चालायचं आणि रोज संध्याकाळी छपराखाली झोपायचं ठरलं, की मुंबईच्या ग्रुपमध्ये बहुतेक हीच दोन नावं पुढे येतात. अन्नपूर्णा नेपाळमध्ये, तर संदकफू-फालुत पश्चिम बंगालमध्ये नेपाळच्या सीमेवर, सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात. दोन्हीकडे वाट मळलेली, रात्री डाळभात, झोपायला जाड रजई. कळसूबाई फारशी दमछाक न होता करणाऱ्याला दोन्ही जमावेत.

नुसत्या दृश्याचा विचार केला तर अन्नपूर्णा उजवा. बेस कॅम्पवर (४१३० मीटर) आपण शिखरांच्या कोंडाळ्यातच उभे असतो: समोर ८०९१ मीटरची अन्नपूर्णा, पाठीमागे माच्छापुच्छ्रे. संदकफूहून (३६३६ मीटर) कांचनगंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू अशी चार आठ-हजारी शिखरं दिसतात, पण लांबून. तीही हवा स्वच्छ असेल तरच. त्यासाठी नोव्हेंबर धरा. एप्रिलमध्ये गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, पण धुरकटपणा बराच.

माझ्यासाठी निर्णय झाला तो खोल्यांवर. अन्नपूर्णाच्या वाटेवर छोमरोंग, सिनुवा ही गावं मागे पडली की मोदी खोला नदीचं खोरं अरुंद होत जातं. पुढे बांबू, दोवान, हिमालय, देउराली या थांब्यांवर मोजकीच लॉज आहेत. आपली दिवाळीची सुट्टी म्हणजे तिथला ऐन हंगाम. मोठ्या ग्रुपचे गाईड आधीच फोन करून खोल्या धरून ठेवतात. दोघांना कुठेतरी खोली मिळून जाते. सहा जणांना एकाच ठिकाणी तीन खोल्या मिळणं मात्र कठीण, दुपारी तीननंतर तर फारच. मग जेवणाच्या खोलीतले बाक. तिथे सगळ्यांची जेवणं आटोपल्याशिवाय आडवं होता येत नाही आणि पहाटे चहावाले यायच्या आत उठावं लागतं.

पण खरा त्रास झोपेचा नाही. खोलीसाठी पहाटेपासून पळापळ सुरू होते, दोघं पुढे धावतात आणि ग्रुपमधला सावकाश चालणारा मित्र दिवसभर ओशाळत चालतो. त्यात हिमालय नावाच्या थांब्याला (२९२० मीटर) जागा नाही म्हणून संध्याकाळी देउरालीपर्यंत (३२३० मीटर) रेटलं, तर झोपायची उंची तीनशे मीटरने वाढते, तीही दमलेल्या अवस्थेत. डोकं दुखणं, जेवण नको वाटणं इथूनच सुरू होतं. कालपर्यंत समुद्रसपाटीला असलेल्या मुंबईकराने चढ हळूहळूच घ्यायला हवा, आणि खोल्यांची शर्यत नेमका तोच वेळ खाते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गर्दी ओसरते हे खरं, पण तेव्हा सुट्ट्या कुणाच्या जुळतात?

संदकफूला मुक्काम आधीच ठरवता येतात. तुमलिंग, कालीपोखरी, संदकफू, फालुत, गोरखे अशा जागा घरून बुक केल्या की चार वाजता पोचा नाहीतर साडेपाचला, खाट आपलीच. ट्रेक जिथून सुरू होतो त्या मानेभंजनला गाईड सक्तीने घ्यावा लागतो. तो पुढच्या लॉजला फोन करतो, तेवढी निश्चिंती.

इथली खोट म्हणजे संदकफूपर्यंतचा जीपचा रस्ता. हॉर्न आणि डिझेलचा वास कुणालाच नको असतो. त्यावर थोडा उपाय आहे: सकाळी सहाला निघायचं, आणि तुमलिंगहून गैरीबासला गाडीरस्त्याने न जाता जौबारीवरून उतरायचं. कालीपोखरीनंतर बिखेभंजनपासून शेवटचे चार किलोमीटर खडा चढ आहे. तो जीपची गर्दी वाढण्याआधी संपवलेला बरा. संदकफूच्या पुढे गाड्या अगदी तुरळक.

संदकफू ते फालुत एकवीस किलोमीटर. या टप्प्यावर वाटेत पाण्याचा भरवसा नाही, सबरग्रामला जेवण मिळेलच असंही धरू नका. प्रत्येकी तीन लिटर पाणी, उकडलेली अंडी किंवा पोळ्या, गूळ-शेंगदाणे सोबत हवेत. नोव्हेंबरमध्ये रात्री तापमान शून्याखाली जातं. गाळणीचा फिल्टर रजईत घेऊन झोपा, कारण आतलं पाणी गोठलं की तो निकामी होतो आणि बाहेरून कळतही नाही. क्लोरीनच्या गोळीला गार पाण्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ द्या. रजया दमट असतात. जुनी सुती चादर दुमडून खालची आणि एक बाजू शिवली की आत शिरून झोपायला खोळ तयार.

प्रवासाचा हिशेबही बघा. बागडोगराला विमानाने उतरून मानेभंजनला त्याच दिवशी पोचता येतं. अन्नपूर्णासाठी आधी पोखऱ्याला जावं लागतं; तिथे काठमांडूहून बसने गेलात तर अख्खा दिवस जातो. नेपाळला विमानाने जाताना आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. सिंगालीलाची वाटही सीमेवरून आत-बाहेर करते, म्हणून मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

ग्रुप दोघा-तिघांचा आणि सगळे सारख्या वेगाचे असतील तर अन्नपूर्णा जरूर करा. पाच-सहा जण असाल, त्यात एखादा नवखा असेल, तर मी संदकफू-फालुतच सुचवेन. बुकिंग करताना आधी फालुत पक्कं करा, कारण तिथे खाटा सगळ्यात कमी आहेत. ती तारीख हातात आली की बाकीचे मुक्काम तिच्या मागेपुढे बसवा. आणि १६ जून ते १५ सप्टेंबर सिंगालीला उद्यान बंद असतं, त्या दिवसांची तिकिटं काढू नका.