माशांची वाट मागताना: भातसा की उल्हास, शिडी की दगडी उतार?

नदीकाठच्या मच्छीमार संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला ‘माशांना वाट द्या’ असं निवेदन द्यायचं ठरलं, की बहुतेक जण फिश लॅडर, म्हणजे धरण चढून जायला माशांसाठी बांधलेली पाण्याची शिडी, मागून मोकळे होतात. माझं मत आधीच सांगतो: ठाणे जिल्ह्यात मोठ्या धरणाला शिडी मागण्यात शक्ती घालवू नका. खाडीकडून वर येताना माशाला पहिला अडथळा कुठला लागतो ते बघा, मागणी तिथली करा.

भातसा धरणाचंच घ्या. भिंत जवळपास 88 मीटर उंच. पायथ्याला 15 मेगावॉटचं वीजघर आहे, पण तिथला खरा मालक नळ आहे. सोडलेलं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून मुंबईकडे उचललं जातं. वलगण, म्हणजे अंडी घालायला माशांचं प्रवाहाविरुद्ध चढणं, लागते जूनच्या पहिल्या जोरदार सरींना. मळ्ये, शिंगाळ्या गढूळ धारेला तोंड देऊन ओहोळांत आणि भातखाचरांत चढतात. नेमक्या त्याच दिवसांत धरण तळाला गेलेलं असतं आणि येईल तो थेंब अडवला जातो. दरवाजे उघडतात धरण भरत आल्यावर, म्हणजे बहुधा जुलैअखेर किंवा ऑगस्टात. तोवर अंडी घालण्याचा मुख्य हंगाम ओसरलेला असतो. अशा ठिकाणी शिडी बांधली तरी जूनमध्ये तिच्यात सोडायला पाणी कोण देणार?

उल्हासचं गणित वेगळं आहे. 1922 साली सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रात घाटावरच्या आंध्र खोऱ्यातलं पाणी सुमारे 500 मीटर खाली येतं आणि वीज करून उल्हासमध्ये पडतं. त्या उंचीवर मासा कधी चढत नव्हता, चढणारही नाही. पण त्याच पाण्यामुळे नदी मे महिन्यातही वाहती राहते. हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातलं, ते पूर्वेकडे दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी वारंवार होते आणि ती अन्यायाची म्हणता येणार नाही. मात्र तसं झालं तर बदलापूर-कल्याणच्या नळांबरोबर माशांचे डोहही आटतील. म्हणजे उल्हासवर मच्छीमार आणि वीजकंपनी चक्क एका बाजूला उभे आहेत. निवेदनात वीजवाल्यांना शिव्या घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा. माशाची वाट अडते ती खाली, मोहने बंधारा आणि बदलापूरच्या बॅरेजपाशी.

आता मागायचं काय? कप्प्याकप्प्यांची काँक्रीटची शिडी प्रसिद्ध झाली अमेरिकेतल्या कोलंबिया नदीमुळे. बॉनव्हिल धरणावर ती 1938 पासून आहे आणि चालते. पण तिथला सॅमन हाताएवढा जाडजूड, उड्या मारणारा. त्याच नदीवर ग्रँड कूली धरणाला शिडीच नाही, त्याच्या वरचा सॅमन संपला. आपल्याला जवळचं उदाहरण थायलंडचं. मून नदीवरचं पाक मून धरण 1994 मध्ये पूर्ण झालं, शिडीसकट. पावसाळी नदी, शेकडो जातींचे लहानमोठे मासे. शिडी जवळजवळ निकामी ठरली. मच्छीमारांनी लढून 2001 मध्ये दरवाजे उघडायला लावले, पुढे ते वर्षातले काही महिने उघडे ठेवण्यावर तडजोड झाली. अमेरिकेतच पेनॉबस्कॉट नदीवर आणखी शहाणा सौदा झाला: दोन धरणं पाडली, तिसऱ्याला वळसा घालून वाट केली आणि उरलेल्या धरणांची वीज वाढवून तूट भरून काढली.

आपल्याकडे मला दगडी उतार सगळ्यात पटतो. बंधाऱ्याच्या खाली मोठे धोंडे रचून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरू द्यायचं. धोंड्यांमागे संथ जागा राहते, तिथे बोटभर मासाही दम खातो. उतार 20 मीटरला 1 मीटर धरला तर 2 मीटरच्या बंधाऱ्याला 40 मीटर पुरतात. भातसाला हाच हिशेब लावा, पावणेदोन किलोमीटर होतात. ब्राझील-पॅराग्वेच्या इताइपू धरणाला वळसा घालणारा माशांचा कालवा तर 10 किलोमीटरचा आहे. उताराचं तोंड मात्र मुख्य धारेच्या अगदी शेजारी हवं. ते पन्नास पावलं खाली काढलं, तर मासे भिंतीशीच धडका देत राहतात आणि वर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभ्या असलेल्यांची चंगळ होते.

उतार मंजूर होईपर्यंत बंधाऱ्याचं दार उघडण्याची मागणी करा, पण नीट शब्दांत. दार अर्धवट उचललं तर खालून पाणी इतक्या जोरात सुटतं की लहान मासा फेकला जातो. उचलायचं तर एका टोकाचं एकच, पण पूर्ण, आणि पाऊस लागल्यावरच. पिसेला हे मिळणं अवघड. तिथली दारं हवेच्या दाबावर उभी राहतात आणि मुंबईचा उपसा त्यांनी अडवलेल्या पाण्यावरच चालतो. मोहने किंवा त्याहून लहान बंधाऱ्यांवर बोलणी होऊ शकतात.

गोड्या पाण्यातल्या वामीची, म्हणजे अहिराची, गोष्ट उलटी. ती अंडी घालायला समुद्रात जाते आणि पिल्लं वर येतात. ओल्या खडबडीत पृष्ठावरून ती सरपटत चढतात. त्यांना ब्रश बसवलेली अरुंद पट्टी पुरते, खर्च नगण्य.

माशांना यंत्राने वर उचलणाऱ्या लिफ्टचा पर्याय सोडून द्या. चालवायला माणूस आणि देखभाल लागते, पहिल्याच पावसाळ्यात बंद पडेल. मत्स्यबीज सोडणं सोपं, पण रोहू-कटल्याने जलाशयाच्या ठेकेदाराचं भलं होतं, वलगणीच्या माशांचं नाही.

आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी गाभोळीने भरलेले मासे पोत्याने धरायचे असतील, तर समोरचा अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारेल. पहिले आठ-दहा दिवस बंधाऱ्याजवळ पाग टाकणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करून त्याची प्रत निवेदनाला जोडा.