फ्लॅक, एमपीथ्री, एएसी की ओपस? सीडी रिप करायला बसण्याआधी

कपाटातल्या सीडी संगणकात भरायच्या, म्हणजे रिप करायच्या, ठरल्या की लोक सगळ्यात आधी विचारतात, "कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा: हीच सीडी पुन्हा एकदा ड्राइव्हमध्ये घालायची तुमची तयारी आहे का? शंभरेक सीडी रिप करून, प्रत्येक गाण्याचं नाव तपासून झालेल्या माणसाला हे विचारून बघा, तो हात जोडेल. म्हणून रिप एकदाच करायचं आणि तेही लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळता. एवढं पाळलं तर एन्कोडर (आवाज ठरावीक फॉरमॅटमध्ये बांधणारा प्रोग्राम) निवडताना झालेली चूक एका रात्रीत दुरुस्त होते. संगणक चालू ठेवायचा आणि झोपायचं.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. हार्ड डिस्क लहान होती, म्हणून सगळं १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीत उतरवलं. पुढे घर बदलताना सीडींचा खोका गहाळ झाला. आता त्या मैफलींमधल्या टाळ्या पत्र्यावरच्या पावसासारख्या वाजतात आणि त्यावर इलाज नाही.

लॉसलेसमध्ये: फ्लॅक की एएलएसी?

सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट. तासाभराचे सुमारे ६३५ एमबी होतात. फ्लॅक त्यातलं काहीही न टाकता ते साधारण निम्म्यावर किंवा दोन-तृतीयांशावर आणतं. जुनी मोनो रेकॉर्डिंग सीडीवर दोन्ही चॅनलमध्ये हुबेहूब तीच असतील तर ती याहून पुष्कळ लहान होतात, कारण दोन चॅनलमधला फरक शून्य असतो आणि शून्य साठवायला जागा लागत नाही.

एएलएसी हे ॲपलचं लॉसलेस, २००४ मधलं आणि २०११ पासून मुक्तस्रोत. आवाजात दोन्ही एकसारखी, बिटशी बिट जुळणारी. फरक सोयीचा आहे. फ्लॅकच्या फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्यावरून काढलेला ताळ्याचा आकडा, असतो, त्यामुळे दहा वर्षांनी डिस्क कुरकुरायला लागली तर कुठली फाइल खराब झाली हे फ्लॅकच्या टेस्ट आज्ञेने कळतं. संग्रहासाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र ॲपलचं म्युझिक ॲप फ्लॅक आयात करत नाही. सगळं घर ॲपलवर चालत असेल तर एएलएसी घ्या. नंतर फ्लॅक करावंसं वाटलं तरी एका बिटाचंही नुकसान होत नाही.

फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्यांवर उगाच डोकं शिणवू नका. तो आकडा दर्जाचा नाही, मेहनतीचा आहे. मुळातली ५ आणि सर्वोच्च ८ यांच्या आकारात जेमतेम एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. मी ८ ठेवतो, त्याचं कारण निव्वळ समाधान.

रिप कशाने करायचं?

इथे मात्र वेळ घालवा, कारण चुकीचं वाचलेलं गाणं फ्लॅक तितक्याच इमानाने जपून ठेवतं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे आणि सुरक्षित मोडमध्ये शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचते. तिची सेटिंग्ज पहिल्या दिवशी अंगावर येतात. डीबीपॉवरॲम्पला पैसे पडतात, पण तेच काम कमी कटकटीत होतं आणि टॅगही (गाण्याचं नाव, कलाकार वगैरे नोंदी) बऱ्यापैकी नीट भरले जातात. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. या चौघांनाही ॲक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदवहीशी ताळा घेता येतो: तुमच्या रिपची बेरीज तीच सीडी रिप केलेल्या इतरांच्या बेरजेशी जुळली, तर वाचन बरोबर समजायचं. ड्राइव्हचं ऑफसेट, म्हणजे तो किंचित पुढे-मागे वाचतो तो फरक, तेवढं आधी लावून घ्या. ओरखडे नसलेल्या सीडीसाठी एवढी खबरदारी जास्त वाटेल, पण ओरखडा कुठे आहे हे डोळ्यांना नेहमी दिसत नाही.

खिशातली प्रत: तिघांतलं कोण?

फोन, गाडी, जुना प्लेअर यांच्यासाठी लॉसी प्रत, म्हणजे कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून लहान केलेली. तासाभराच्या संगीताला एमपीथ्री ३२० केबीपीएसवर १४४ एमबी लागतात, लेम या एमपीथ्री एन्कोडरच्या व्ही-० या दर्जाच्या सेटिंगला साधारण ११०, व्ही-२ ला ८५, एएसी २५६ ला ११५ आणि ओपस १२८ ला ५८ च्या आसपास. पाचशे तासांचा संग्रह असेल तर व्ही-२ मध्ये ४३ जीबी आणि ओपसमध्ये २९ जीबी.

एमपीथ्री म्हातारं झालंय, पण वाजत नाही असं यंत्र शोधूनच काढावं लागेल. पेटंटचा परवाना कार्यक्रमही २०१७ मध्ये बंद झाला. एन्कोडर एकच: लेम, १९९८ पासून घासूनपुसून तयार झालेला. सेटिंग व्ही-२, म्हणजे सरासरी १९० केबीपीएसच्या आसपासचा बदलता बिटरेट. मन धजावत नसेल तर व्ही-०. स्थिर ३२० मध्ये शांततेलाही तेवढेच बिट मोजले जातात. ते मी फक्त बदलता बिटरेट न झेपणाऱ्या जुन्या प्लेअरसाठी वापरतो. एमपीथ्रीची खरी अडचण दोन गाण्यांच्या सांध्यात आहे. आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी थोडी भर पडते. लेम त्या भरीची नोंद फाइलमध्ये करतो, पण प्लेअरने ती वाचली पाहिजे. नाही वाचली तर सलग मैफलीत दर गाण्याला एक उचकी लागते.

एएसीचं कोडं वेगळं: फॉरमॅट एक, एन्कोडर अनेक, आणि दर्जात फरक. ॲपलचा सर्वांत भरवशाचा. मॅकवर तो असतोच, विंडोजवर क्यूएएसी या प्रोग्राममार्फत वापरता येतो. फ्रॉनहोफरचा एफडीकेही चांगला. एफएफएमपेग या फॉरमॅट बदलणाऱ्या मुक्तस्रोत प्रोग्रामचा स्वतःचा एएसी एन्कोडर २०१६ नंतर बराच सुधारला, तरी निवड असेल तर ॲपलचाच घ्या. बाकी आयफोनवाल्यांनी एएसी सोडून दुसरीकडे जायचं काही कारण मला दिसत नाही.

ओपस तिघांत सर्वांत तरुण, २०१२ मध्ये प्रमाण झालेलं. कमी जागेत त्याच्याइतकं कुणी देत नाही. १२८ वर बहुतेकांना मूळ आणि प्रत यांतला फरक सांगता येत नाही, आणि ९६ ही प्रवासात चालून जातं. सांध्याची उचकी नाही. ते आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतं, त्यामुळे सीडीचा ४४.१ आधी बदलला जातो. यावरून काहीजण नाक मुरडतात, कानाला मात्र त्याचा पत्ता लागत नाही. अडचण आहे ती जुन्या उपकरणांची: अनेक गाड्यांचे स्टिरिओ ही फाइल ओळखतच नाहीत. फोनवर अँड्रॉइड असेल आणि गाणी फोनवरच ऐकत असाल तर ओपस १२८. पेन ड्राइव्ह गाडीत लावणार असाल तर लेम व्ही-२. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर वाटेत आवाज बहुधा आणखी एकदा लॉसी होतोच, तेव्हा ३२० साठी जीव टाकू नका.

आकड्यांचा एक सापळा सांगून ठेवतो. लेममध्ये व्हीपुढचा आकडा लहान तितका दर्जा वर. ओग व्होर्बिस या आणखी एका लॉसी फॉरमॅटमध्ये आकडा मोठा तितका दर्जा वर. फ्लॅकमध्ये दर्जाशी संबंधच नाही. एकाची सवय दुसरीकडे नेली की घोळ. आणि एफएफएमपेगला काहीच न सांगता एमपीथ्री करायला लावलं तर तो १२८ वर बनवतो, म्हणजे माझीच जुनी चूक आपोआप.

स्वतःच्या कानांची परीक्षा

वाद घालण्यापेक्षा फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्सचं प्लगिन टाका आणि डोळ्यांआड चाचणी घ्या: दोनपैकी कुठली फाइल वाजतेय ते नाव न बघता ओळखायचं. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलात तर फरक ऐकू येतोय म्हणायला हरकत नाही, कारण निव्वळ अंदाजाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. गाणं निवडताना टाळ्या, झांज, तुटक ठोके असलेलं निवडा. एन्कोडर तिथेच अडखळतात. व्ही-२ वर माझे १६ पैकी ९ आले. त्या दिवसापासून मी व्ही-० करणं सोडलं.

चाचणीआधी दोन्ही फाइलींचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर किंचित मोठी वाजणारी फाइल नेहमीच चांगली वाटते. रोजच्या ऐकण्यात हे काम रिप्लेगेन करतं. ते टॅगमध्ये फक्त पातळी लिहून ठेवतं, आवाजाला हात लावत नाही. सबंध अल्बमची पातळी वापरलीत तर हळू गाणं हळूच राहतं.

जुन्या एमपीथ्रींचं काय? त्या तशाच राहू द्या. १२८ ची ३२० करून जागा वाढते, आवाज नाही. ओपसमध्ये बदलाल तर एका गाळणीतून गेलेलं दुसऱ्या गाळणीत. माझ्या त्या पत्र्यावरच्या टाळ्याही मी वेगळ्या फोल्डरमध्ये तशाच ठेवल्या आहेत. एखादी सीडी पुन्हा हाती लागली की तिथली एक फाइल पुसतो.