प्रिंटरचा ड्रायव्हर फुकट असतो, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका

कोपरखैरण्यातल्या एका घरी घडलेला हा प्रकार आहे. ऐरोलीत किंवा घोडबंदर रोडवर तो असाच्या असा घडू शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

घरात नवं ब्रॉडबँड आलं, राउटर बदलला आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवायला लागला. नातीच्या अकरावी प्रवेशाचे कागद छापायचे होते. आजोबांनी गूगलवर प्रिंटरचं मॉडेल आणि पुढे ‘ड्रायव्हर’ (प्रिंटर कॉम्प्युटरवरून चालवणारं सॉफ्टवेअर) असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेली लिंक उघडली. ती जाहिरात होती. पानावर कंपनीचाच लोगो, तेच रंग. नाव, मोबाइल नंबर आणि मॉडेल भरलं की ‘ड्रायव्हर इन्स्टॉल होत आहे’ म्हणत हिरवी पट्टी सरकू लागते. शेवटाकडे येऊन अडकते, लाल अक्षरांत एरर येते आणि खाली ‘तज्ज्ञांशी बोला’ म्हणून फोन नंबर.

सगळी मेख या पट्टीत आहे. ते इन्स्टॉलेशन नव्हे, वेब पानात बसवलेलं नुसतं चलच्चित्र आहे. पट्टी सरकत असताना कंट्रोल आणि ‘J’ ही बटणं एकत्र दाबून डाउनलोडची यादी बघा, तिथे एकही फाइल आलेली नसते. मॉडेलच्या जागी वाट्टेल ती अक्षरं टाकली तरी पट्टी तितकीच सरकते आणि एररही तीच येते. ब्राउझरमधलं पान स्वतःहून ड्रायव्हर बसवूच शकत नाही. फाइल उतरवून तुम्ही चालवावी लागते आणि विंडोज आधी परवानगी विचारतं. मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या एरर किंवा इशाऱ्याच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो.

नंबर भरलेला असल्यामुळे पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. एनीडेस्क (दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचं ॲप) टाकायला लावलं, स्क्रीनचा ताबा घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. ‘सर, प्रिंटर ठीक है, नेटवर्क में हॅकर घुसा है.’ अशा खुणा चांगल्या चालणाऱ्या प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर असतात. एखादी सर्व्हिस (विंडोजमध्ये मागे चालणारा प्रोग्राम) उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद पडते. पण ते माहीत नसलेला माणूस हादरतोच, आणि त्यात त्याची चूक नाही. मग ‘तीन वर्षांचा ड्रायव्हर प्लॅन’ म्हणून ४,९९९ रुपये यूपीआयने घेतले.

यातला सगळ्यात घातक भाग पुढचा. पैसे मिळाल्यावर फोनवरच्या माणसाने प्रिंटर नव्या वाय-फायला जोडून दिला आणि कंपनीच्या खऱ्या साइटवरून फुकटचा ड्रायव्हर टाकला. छपाई सुरू झाली, घरच्यांना वाटलं काम झालं. म्हणूनच अशा प्रकारांत तक्रार होत नाही. एनीडेस्क मात्र मागे तसंच राहिलं, त्यात कायमचा पासवर्ड लावून. म्हणजे कॉम्प्युटर चालू असेल तेव्हा, समोर कुणी नसतानाही, बाहेरून आत येता येतं.

मुळात ड्रायव्हर बिघडलाच नव्हता. राउटर बदलला की वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलतो, प्रिंटर जुनंच नाव शोधत बसतो. प्रिंटरच्या पॅनलवरून किंवा कंपनीच्या मोबाइल ॲपमधून नवं वाय-फाय द्यायचं. घरगुती प्रिंटर बऱ्याचदा वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड पकडतात, त्यामुळे राउटरवर तो बँड चालू हवा. मग सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ॲड डिव्हाइस. नेटवर्कवरच्या बहुतेक नव्या प्रिंटरना विंडोजचा स्वतःचा, सगळ्या कंपन्यांना चालणारा आयपीपी ड्रायव्हर पुरतो. स्कॅनिंग किंवा शाईची पातळी हवी असेल तर कंपनीचं पॅकेज घ्या, पण पत्ता स्वतः टाइप करून. एचपीसाठी सपोर्ट डॉट एचपी डॉट कॉम. ‘डॉट कॉम’च्या लगेच आधी नुसतं कंपनीचं नाव हवं, तिथे ‘सेटअप’, ‘ड्रायव्हर’ असे शब्द आडव्या रेघेने चिकटवलेले दिसले की पान बंद करा. यूएसबीचा प्रिंटर असेल तर इन्स्टॉलर सांगेपर्यंत केबल लावू नका.

प्रिंट रांगेतच अडकून राहत असेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढा (फोल्डर ठेवा) आणि स्पूलर परत सुरू करा.

ताबा दिला गेलाच असेल तर आधी वाय-फाय तोडा, मग एनीडेस्क, क्विकसपोर्ट, अल्ट्राव्ह्यूअर असं जे टाकलं असेल ते काढा. ईमेल आणि नेटबँकिंगचे पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला. लगेच बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी किंवा पासवर्ड ग्राहकाने स्वतः दिलेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेवर येतं. त्यानंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक (यूटीआर), ज्या नंबरवरून फोन आला तो आणि ब्राउझरच्या हिस्टरीतला त्या पानाचा पूर्ण पत्ता हाताशी ठेवा. हिस्टरी घाईघाईत पुसून टाकू नका.