नवी चिप घेतली, आता कर्नल कुठला? कोल्हापूरच्या छोट्या कंपनीसाठी तुलना

गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्री आणि साखर कारखान्यांसाठी इलेक्ट्रॉनिक पेट्या बनवणाऱ्यांचं काम आता साध्या कंट्रोलरवर भागत नाही. भट्टीचं तापमान, मोटरची कंपनं, विजेचा वापर हे सगळं गोळा करून ऑफिसातल्या स्क्रीनवर दाखवणारी पेटी गिऱ्हाइकाला हवी असते. अशा पेटीत बहुधा लिनक्स बसतं. मग एक दिवस पुरवठादार नवा, स्वस्त प्रोसेसर घेऊन येतो. दर बघून मालक खूश. घोडं अडतं ते एका ठिकाणी: मूळ लिनक्स कर्नलला, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याला, ही चिप अजून माहीतच नसते.

आता एक तर चिप बनवणाऱ्याने दिलेला तयार कर्नल घ्यायचा, ज्याला आपण बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज) म्हणतो. नाही तर मूळ कर्नलमध्ये, म्हणजे मेनलाइनमध्ये, या चिपचा सपोर्ट स्वतः घालायचा. लिनक्स सोडून झेफरसारख्या छोट्या कर्नलकडे जाण्याचीही वाट आहे, पण ती सगळ्यांच्या कामाची नाही. माझ्या मते ‘बीएसपी की मेनलाइन’ हा वाद घालण्याआधी ती चिप खरोखर किती नवी आहे ते तपासावं. पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

पहिला हंगाम

गिऱ्हाईक साखर कारखाना असेल तर तारीख तुमच्या हातात नसते. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो, त्याआधी पेटी बसलेली पाहिजे. एकदा मिल फिरायला लागली की तुम्हाला पॅनेलला हात लावू देणार नाहीत.

इथे बीएसपी सरस, यात शंका नाही. बोर्डाला वीज दिली की सिरीयल पोर्टवर लॉगिन येतं, इथरनेट चालतं, डिस्प्ले उजळतो. मेनलाइनचं वेळापत्रक मात्र तुमच्या हंगामाला विचारत नाही. नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे, आणि नव्या गोष्टी तेवढ्याच काळात आत जातात. विंडो उघडल्यावर पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवून उपयोग नसतो, संबंधित मेंटेनरने (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याने) तो आधीच उचललेला असावा लागतो. एक फेरी हुकली की अडीच महिने गेले. श्रावणात कामाला हात घालून दिवाळीला मेनलाइनवर माल देतो म्हणणाऱ्याचा आत्मविश्वास लई भारी, पण त्याच्या भरवशावर ऑर्डर घेऊ नका.

पाचवं वर्ष

नंतर मात्र पारडं फिरतं. बीएसपी बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या दीर्घकालीन आवृत्तीवर बांधलेली असते आणि वर चिपवाल्याच्या पॅचेसचा ढीग. लिनक्सच्या आतली इंटरफेस स्थिर ठेवायची नाहीत, हे कर्नलवाल्यांनी जाणूनबुजून ठरवलेलं धोरण आहे. ड्रायव्हर मेनलाइनच्या आत असेल तर इंटरफेस बदलणाराच तो ड्रायव्हरही दुरुस्त करतो. बाहेर असेल तर ते ओझं तुमच्या डोक्यावर. सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्यायला गेलात की चिपवाल्याच्या पॅचेसशी टक्कर होते, आणि दोन-चारदा हात पोळले की लोक अपडेट करणंच सोडून देतात.

दोन ठोस गोष्टी सांगतो. रिअल-टाइमसाठीचं, म्हणजे काम ठरलेल्या वेळेतच व्हावं यासाठीचं, प्रीएम्प्ट-आरटी वर्षानुवर्षं बाहेरून चिकटवावं लागायचं. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून मेनलाइनमध्येच आहे. जुन्या बीएसपीवर तेच हवं असेल तर एका पॅचच्या ढिगावर दुसरा ढीग रचायचा. दुसरी गोष्ट २०३८ ची. ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपतं. ३२ बिटी चिपसाठीची त्यावरची व्यवस्था कर्नलमध्ये ५.६ या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली, पुरी झाली. ४.१९ वरची बीएसपी घेऊन आज बसवलेली पेटी तेव्हाही भट्टीशेजारी उभी असू शकते. आपल्याकडे यंत्र बंद पडेपर्यंत कोणी बदलत नाही.

पेटी यंत्राबरोबर युरोपात जाणार असेल तर आणखी एक बंधन येतं. तिथल्या सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्टच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर येते. मेनलाइनमध्ये गेलेल्या चिपला इथे सरळ फायदा आहे. लिनक्स फाउंडेशनचा सीआयपी (सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म) प्रकल्प निवडक कर्नल किमान दहा वर्षं सांभाळायच्या हिशोबाने चालतो. पण त्यावर बसायचं तर तुमच्या चिपचा सपोर्ट आधी मेनलाइनमध्ये असायला हवा.

चिप किती नवी?

उद्यमनगरात नव्या नावाचा पंप आला तरी खोलल्यावर आतलं बेअरिंग ओळखीचंच निघतं. चिपचंही तसंच. नाव नवं असलं तरी आतले बरेच ब्लॉक विकत घेतलेले असतात, आणि त्यांचे ड्रायव्हर मेनलाइनमध्ये कधीचे पडून असतात.

तपासायची रीत सोपी आहे. बीएसपीचा सोर्स उघडा आणि चिपची डिव्हाइस ट्री फाइल वाचा. २०११ साली लिनस टोरवाल्ड्स आर्मच्या कोडमधल्या गोंधळावर जाहीरपणे वैतागले होते, कारण प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाइल कर्नलमध्ये येत होती. त्यानंतर आर्म जगत डिव्हाइस ट्रीवर आलं. आता कुठला ब्लॉक कुठल्या पत्त्यावर, कुठल्या इंटरप्टवर आहे हे या फाइलीत लिहिलेलं असतं आणि प्रत्येक नोंदीत ‘कम्पॅटिबल’ नावाची ओळ असते. ती ओळ मेनलाइनच्या सोर्समध्ये शोधा. ६४ बिटी आर्म चिप असेल तर जीआयसी हा इंटरप्ट कंट्रोलर आणि आर्मचा टायमर बहुधा मिळतोच. सिरीयल पोर्ट बहुधा ८२५०च्या कुळातला किंवा पीएल०११ निघतो. इथरनेट, यूएसबी, आय-स्क्वेअर-सी हे अनेकदा सिनॉप्सिसचे ब्लॉक असतात, त्यांचेही ड्रायव्हर आहेत.

खरं नवं काम उरतं ते क्लॉक, रिसेट, पिनकंट्रोल (कुठली पिन कुठल्या कामाला) आणि पॉवर डोमेनचं. हे प्रत्येक चिपचं वेगळं असतं आणि इथे बीएसपीतला कोड उचलून तसाच पाठवला तर तो परत येतो, हे धरून चाला. पण सुरुवात करायला हे सगळं लागत नाही. सीपीयू, इंटरप्ट, टायमर आणि सिरीयल पोर्ट एवढ्या नोंदींवर कर्नल बूट होऊन इनिटरॅमएफएसचा (रॅममधल्या तात्पुरत्या छोट्या फाइल सिस्टिमचा) प्रॉम्प्ट देतो. बूटलोडरने सिरीयलचं क्लॉक चालू ठेवलेलं असतं, तेवढ्यावर भागतं. एवढाच सपोर्ट घेऊन कितीतरी चिप मेनलाइनमध्ये शिरल्या आहेत. पुढे क्लॉक ड्रायव्हर अर्धवट असताना बूट शेवटाला येऊन मुकाट थिजलं, तर कर्नलने ‘कोणी वापरत नाही’ समजून एखादं गरजेचं क्लॉक बंद केलेलं असू शकतं. बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘सीएलके-इग्नोर-अनयूज्ड’ घालून बघा. रोग जात नाही, पण कळतो.

कागदपत्रांचं कामही आहे. प्रत्येक नव्या ब्लॉकचं बाइंडिंग, म्हणजे डिव्हाइस ट्रीत त्याची नोंद कशी असावी याचं वर्णन, वायएएमएल मध्ये लिहायचं, डीटी-स्कीमाने तपासायचं, पॅच चेकपॅचमधून काढायचा, खाली साइन्ड-ऑफ-बाय ही सहीची ओळ टाकून ईमेलने पाठवायचा. क्लॉकचा मेंटेनर वेगळा, पिनकंट्रोलचा वेगळा, डिव्हाइस ट्रीचे वेगळे. मेल साध्या मजकुरात हवा. ‘हा संदेश गोपनीय आहे’ अशी शेपटी आपोआप जोडणाऱ्या कंपनीच्या मेलवरून पॅच पाठवू नका, आधीच नवखे आहात.

माणूस गेला तर?

कोल्हापुरात हा प्रश्न बेंगळुरूपेक्षा जास्त टोचतो. बीएसपीचे पॅच समजणारं एकच पोरगं कंपनीत असतं, आणि दोन वर्षांत ते हिंजवडीला जातं. त्याच्या डोक्यातलं त्याच्याबरोबर. मेनलाइनमध्ये गेलेल्या कोडवर बाहेरच्या लोकांची नजर पडलेली असते, प्रत्येक बदलाचं कारण कमिटमध्ये लिहिलेलं असतं. पुढच्या माणसाला वाचायला काहीतरी उरतं.

मात्र मेनलाइन म्हणजे अमरपट्टा नव्हे. २०१८ साली ४.१७ मध्ये ब्लॅकफिन, टाइल यांच्यासह आठ प्रोसेसर आर्किटेक्चर एकदम काढून टाकली. त्यांचा वाली कोणी उरला नव्हता. मेंटेनर म्हणून नाव घातलंत तर मेलला उत्तर द्यावं लागतं.

झेफर कधी?

चिपला एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) नसेल आणि रॅम किलोबाइटमध्ये असेल तर. सी-डॅकच्या थेजस३२ या स्वदेशी रिस्क-व्ही चिपमध्ये २५६ केबी एसरॅम आहे, तिथे लिनक्सचा विचारही नको. झेफरमध्येही डिव्हाइस ट्री आणि केकॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायची सोय) आहे, फक्त ट्री बूटच्या वेळी न वाचता बिल्डच्या वेळीच हेडर फाइलीत उतरते. कोर आधीच ओळखीचा असेल तर नव्या चिपचं काम आटोपशीर असतं, आणि योगदान पुल रिक्वेस्टने जातं. लायसन्स अपाची २.०. लिनक्सचं जीपीएल २, म्हणजे पेटी विकली की कर्नलचा सोर्स गिऱ्हाइकाला द्यावा लागतो, मग तो बीएसपी असो की मेनलाइन. नुसती कंपनं मोजून पुढे पाठवणाऱ्या पेटीला झेफर पुरतं. पेटीतच डेटाबेस आणि वेबपेज हवं असेल तर त्या नादाला लागू नका.

मी असतो तर

बहुतेक ब्लॉक ओळखीचे निघाले तर पहिला हंगाम बीएसपीवर काढीन आणि त्याच महिन्यात सिरीयल-पुरता सपोर्ट मेनलाइनला पाठवीन. पुढच्या हंगामापर्यंत इथरनेट आणि एमएमसी (साठवणीची मेमरी) आत गेलं तर पेटी मेनलाइनवर आणता येईल. डिस्प्ले राहिला तरी चालेल, फाउंड्रीत लोक मोबाइलवरच बघतात.

पर्चेस ऑर्डर काढण्याआधी मात्र पुरवठादाराकडून दोन गोष्टी लेखी घेईन. रजिस्टरचं मॅन्युअल गोपनीयतेच्या कराराशिवाय मिळेल का? आणि डीडीआर मेमरी सुरू करणारा बायनरी तुकडा आम्हाला पेटीबरोबर वाटता येईल का? दोन्हीला टाळाटाळ झाली, तर त्या स्वस्त चिपला नमस्कार करून मेनलाइनमध्ये आधीपासून असलेली, थोडी महाग चिप घेईन.