जुन्या लोखंडी कॉटवरचं खुराडं: सहा कोंबड्यांसाठी कितपत चांगलं?

भंगारातल्या मालातून खुराडं करायचं तर सांगाड्यासाठी आमची पहिली पसंती जुन्या लोखंडी कॉटला. सहा बाय तीन फुटांची, आडव्या पट्ट्यांची साधी कॉट. जमिनीपासून दीड फूट उंची आयती मिळते, लाकूड मातीला टेकत नाही म्हणून वाळवी लांब राहते, आणि चौघांनी धरलं तर अख्खं खुराडं उचलून दुसरीकडे ठेवता येतं. क्षेत्रफळ 18 चौरस फूट. दिवसा मोकळ्या सोडायच्या आणि रात्री कोंडायच्या कोंबडीला 2 ते 3 चौरस फूट पुरतात, म्हणून इथे सहा गावरान किंवा ऱ्होड आयलंड रेड नीट मावतात. गिरिराज किंवा वनराज या मोठ्या अंगाच्या जाती असतील तर चारच ठेवाव्यात. दिवसभर कोंडूनच पाळायच्या असतील तर हा आराखडा सोडून द्या, जागा कमी पडते आणि कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात.

कॉट घेताना पायांचे जोड बघा. पाय जिथे चौकटीला वेल्ड केलेले असतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहायचा, आत रुतला तर कॉट सोडून द्यायची. वर अखंड पत्रा मारलेली कॉट सोयीची वाटते, पण विष्ठेच्या ओलीनं तो पत्रा गंजून चाळण होतो. पट्ट्यांचीच घ्यावी.

भिंतींसाठी पॅलेट, म्हणजे कारखान्यात माल ठेवायच्या फळ्यांच्या लाकडी चौकटी. लाकडी ठोकळ्यांवर बांधलेली पॅलेट नकोत, लांब जाड दांडे असलेली हवीत, कारण खुराड्याचे उभे खांब त्या दांड्यांतूनच निघतात: पुढचे 3 फुटी, मागचे 2.5 फुटी. पॅलेटवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं लाकूड, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते टाळा. शिक्का काही असो, तेलकट किंवा रसायनाचा डाग दिसला की नको.

पॅलेट किती लागतात, इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मागची भिंत आणि एक बाजू मिळून साधारण 23 चौरस फूट होतात. दोन पॅलेटच्या फळ्या मोजल्या तर कागदावर पुरतात, प्रत्यक्षात पुरत नाहीत. फळी 4 फुटी, भिंत 2.5 फुटी. उभी फळी लावली की दीड फुटाचा तुकडा उरतो आणि तो भिंतीला उपयोगी पडत नाही. साडेतीन इंची फळ्या धरल्या तर 32 लागतात, म्हणजे तीन पॅलेट. पहारीनं उचकटू नका, टोकं चिरतात. फळी आणि दांड्याच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळेच कापायचे. उरलेल्या तुकड्यांची अंड्यांची खोकी आणि चढायची फळी होते, काहीच वाया जात नाही.

छपराला जुना पन्हळी पत्रा उत्तम. 10 फुटी दोन पत्रे मधोमध कापले की 5 फुटांचे चार तुकडे होतात. तीन छपराला, चौथा अंड्यांच्या खोक्यावर. कौलारू घर उतरवताना निघालेले वासे मिळाले तर आडव्यांना तेच घ्या. 3 फुटांत अर्धा फूट उतार आपोआप येतो. पत्रा चारही बाजूंनी फूटभर बाहेर हवा, कोकणात पश्चिमेला दीड-दोन फूट. नवं भोक पत्र्याच्या वरंब्यावर पाडायचं, सरीत नाही. पाणी सरीतून वाहतं. जुनी भोकं डांबरी पट्टीनं बुजवायची. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात, म्हणून वरून चुना आणि त्यावर नारळाचे झाप किंवा भाताचा पेंढा टाकावाच. जुना सिमेंटचा पत्रा फुकट मिळाला तरी नको. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि कापताना, भोक पाडताना त्याची धूळ छातीत जाते.

आता जाळी. ही एकच वस्तू जुनी घेऊ नये आणि हिच्यात पैसे वाचवू नयेत. षटकोनी ‘कोंबडी जाळी’ कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. 22 गेजची ती तार भटका कुत्रा दातांनी फाडतो, आणि तिच्या इंचभर घरातून उंदीर, साप सहज शिरतात. अर्धा इंची वेल्डेड जाळी, 18 गेज (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड), 3 फूट रुंदीची घ्या. तळ 6 फूट, समोरची बाजू 6, एक कड 3, मागच्या भिंतीच्या वर हवेसाठी सोडलेली सहा इंची फट 1 आणि जोडांना 1, अशी एकूण 17 फूट. यू-खिळ्यांनी ठोकलेली जाळी ओढली की सुटते. लाकडावर ती पट्टीखाली दाबून वायसरसकट स्क्रूनं आवळा, लोखंडावर दर चार इंचांवर बाइंडिंग तारेनं बांधा.

जाळीच्या तळातून विष्ठा आपोआप खाली पडते असं सांगितलं जातं. अर्ध्या इंचातून ती पडत नाही, अडकून कुजते. एक इंची जाळी लावली तर पडते, पण मग खालून उंदीर येतात. त्यामुळे अर्धा इंचीच ठेवून वर गोणपाट, त्यावर 3 इंच भाताचं तूस, आणि ते सांडू नये म्हणून कडेला चार इंची फळी. तूस आठवड्यातून दोनदा हलवायचं. नाकाला झोंबणारा वास आला तर ओल झाली समजा आणि तेवढा भाग बदला.

बसायची दांडी 6 फुटी, बाभळीची, दोन इंच जाडीची. प्रत्येक कोंबडीला 9 इंच. नळाचा पाइप नको, पाय घसरतात. दांडी तळापासून सव्वा फुटावर आणि अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच असलीच पाहिजे, नाहीतर कोंबड्या खोक्यात झोपतात आणि अंडी घाणीत निघतात. जाळीपासून ती फूटभर आत हवी. रात्री उदमांजर आणि रानमांजर जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीलाच पकडतात. मुंगूस दिवसाचा शिकारी, त्याचा धोका मोकळ्या पिल्लांना जास्त.

अंड्यांची खोकी दोन पुरतात. पंधरा किलोचा तेलाचा डबा आडवा ठेवायची पद्धत आहे, पण त्याचं तोंड सव्वानऊ इंचांचं, फक्त लहान गावरान कोंबडीला होतं. बाकीच्यांना फूटभर लांबी-रुंदी-उंचीचं खोकं द्या.

जुनं लाकूड लावण्यापूर्वी भेगा तपासा. दुसऱ्याच्या खुराड्यातलं असेल तर कोंबडीचे गोचीड त्यात उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरून असतात. फ्लेमगननं, म्हणजे ज्वाळा सोडणाऱ्या बर्नरनं, भेगा शेकून चुना फासा. लोखंड धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासून उन्हात वाळवा. रंगवलेले जुने दरवाजे, खिडक्या आत लावू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं, कोंबड्या पापुद्रे टोचतात आणि ते शिसं बलकात उतरतं.

दाराला नुसती कडी पुरत नाही, धक्क्यानं उचलली जाते. कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायला हूक हवा. तोंड पूर्वेला, फळ्यांची पाठ पश्चिमेला. पावसाळ्यात समोर जुना फ्लेक्स सोडायचा, पण वरचा वीतभर भाग उघडा ठेवून. फ्लेक्स गच्च बांधला तर सकाळी आत कोंदट वास भरलेला असतो आणि कोंबड्यांना शिंका सुरू होतात.