जुन्या हवानातलं घर : चार रात्री, टेकू लावलेला सज्जा आणि काळा घेवडा

मुंबईतल्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीत माझी ३० वर्षं गेली. त्यामुळे टॅक्सीतून उतरल्यावर पहिली नजर गेली ती घराच्या सज्ज्याकडे. खालून लाकडी टेकू, गिलावा उडालेला, आतली सळई गंजून फुगलेली. बायको म्हणाली, "इथे राहायचं?" मी टेकू हलवून पाहिला. पाचर घट्ट होती. म्हटलं, "चल वर."

ही गोष्ट फेब्रुवारी २०१७ची, क्युबाची राजधानी हवानाची. लेक फ्लोरिडात असते. डिसेंबर २०१४मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा आणि क्युबाचे तेव्हाचे अध्यक्ष राउल कास्त्रो यांनी दोन देशांमधले संबंध पूर्ववत करायचं जाहीर केलं, २०१६च्या अखेरीस अमेरिकेतून हवानाला नेहमीची विमानं सुरू झाली, आणि आम्ही अमेरिकेला गेलो की जायचंच असं तिने ठरवून टाकलं. फोर्ट लॉडरडेलहून तासाभराचा प्रवास. अमेरिकेतून निव्वळ फिरायला म्हणून मात्र जाता येत नाही. ठरवून दिलेल्या १२ कारणांपैकी एक सांगावं लागतं. आम्ही 'तिथल्या लोकांशी संवाद' हे कारण दिलं. हॉटेलात उतरलो असतो तर तो कितपत झाला असता, शंकाच आहे.

पाहुण्यांना खोली देणाऱ्या अशा घरांना 'कासा पार्तिक्युलार' म्हणतात. दारावर निळं, जहाजाच्या नांगरासारखं चिन्ह असतं. आमच्या घरमालकीणबाई साठीच्या. आल्या आल्या पासपोर्ट घेऊन वहीत सगळं लिहून घेतलं, सह्या घेतल्या. पाहुणा येवो न येवो, परवान्याचे पैसे दर महिन्याला सरकारला भरावेच लागतात, असं त्यांनी सांगितलं. खोलीचे तेव्हा रात्रीला ३० सीयूसी (डॉलरच्या बरोबरीचं क्युबन चलन, ते २०२१मध्ये बंद झालं), नाश्त्याचे माणशी ५. पैशांचं आधीच बघून ठेवा. अमेरिकी बँकेचं कार्ड चालत नाही आणि तेव्हा रोख डॉलर बदलले तर १००चे ८७ सीयूसीच हाती यायचे. आम्ही युरो नेले होते, ते बरं झालं.

खोली स्वच्छ, छत चांगलं १५ फुटांवर, जमिनीवर जुन्या नक्षीच्या फरशा. शेजारच्या बिऱ्हाडाने तेवढ्याच उंचीच्या खोलीत पोटमाळा काढून दोन मजले केलेत. त्याला तिथे 'बार्बाकोआ' म्हणतात. कधीकाळी एका श्रीमंत कुटुंबाचा वाडा, आता खोलीखोलीत एकेक संसार. माळ्यांचा भार जुन्या भिंतींवर येतो, समुद्राची खारी हवा सळयांपर्यंत पोचते, आणि सिमेंट मिळायची मारामार. जुनं हवाना १९८२पासून जागतिक वारसा आहे. चार मुख्य चौक सुरेख दुरुस्त केलेत; तिथून दोन गल्ल्या आत शिरलं की टेकूच टेकू. मला फोटो काढवेनात. या भिंतींच्या आत लोक राहतात, पोरं अभ्यास करतात.

जेवणाचं पहिल्या दिवशी बिनसलं. 'मांस नको' सांगूनही घेवड्यात हॅमचे तुकडे आले. तिकडे हॅमला कुणी मांसात धरत नाही. भातातही बऱ्याचदा डुकराची चरबी असते. मी शाकाहारी, त्यामुळे त्या रात्री केळ्यांवर भागवलं. दुसऱ्या दिवशी लेकीने एकेक पदार्थ स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून दिला. बाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. काळा घेवडा, लसूण, ढोबळी मिरची आणि भरपूर जिरं. त्या वासाने बायको स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. दोघींची भाषा एक नाही, पण जिरं कधी घालायचं यावर त्यांची चांगली अर्धा तास चर्चा झाली.

तक्रार एकच, पण गंभीर. न्हाणीघरात फवाऱ्यालाच विजेचा हीटर जोडलाय आणि त्याच्या वायरी नुसत्या चिकटपट्टीने बांधल्यात. मी बटण बंद करून गार पाण्यानेच आंघोळ केली, आणि बाईंनाही ते हातवारे करून बजावलं. पाणी एक दिवसाआड येतं, बादलीने वापरायची तयारी ठेवा.

या घराला मी पाचपैकी चार देईन, आणि परत गेलो तर इथेच उतरेन. खोली रस्त्याकडचीच मागा. सकाळी समोरच्या बाई तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात आणि पाववाल्याकडचा पाव वर ओढून घेतात, ते तिथूनच दिसतं. सज्ज्यावर मात्र एका वेळी दोघांहून जास्त उभे राहू नका.